मृतांची संमती

मेलेल्या माणसाच्या वतीने जिवंतांनी काय करावे आणि काय करू नये, हा प्रश्न सहसा धर्मशास्त्राकडे सोपवला जातो. आम्हांला तो साहित्याचाही वाटतो. आम्ही वर्गात ज्यांच्याविषयी बोलतो ते बहुतेक कवी-लेखक आज हयात नाहीत. त्यांच्या शब्दांचा अर्थ आम्ही लावतो, त्यांना कोणत्या तरी परंपरेत बसवतो, प्रसंगी त्यांच्या नावाने मतेही मांडतो. आणि त्यांपैकी कोणीही उठून ‘मला असे म्हणायचे नव्हते’ असे सांगू शकत नाही. म्हणून परलोकाविषयीची एखादी श्रद्धा तपासताना स्वर्ग आहे की नाही या न सुटणाऱ्या वादात आम्ही शिरणार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे : त्या स्वर्गात मृताच्या नकाराला जागा आहे का?

हा प्रश्न सर्वांत थेटपणे उभा राहतो तो मॉर्मन पंथाच्या बाबतीत. जोसेफ स्मिथ याने १८३० मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेला हा ख्रिस्ती पंथ. ‘मॉर्मन’ हे त्याचे रूढ नाव; २०१८ पासून पंथप्रमुखांनी ‘येशू ख्रिस्ताचे अंतिम दिवसांच्या संतांचे चर्च’ या अर्थाचे पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरला आहे. महाराष्ट्राला हा पंथ अगदीच अनोळखी आहे असे नाही. ह्यू फिंडले हे त्याचे प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरले आणि पुढे पुण्यास जाऊन राहिले. छावणीतील काही गोऱ्या शिपायांपलीकडे त्यांना फारसे अनुयायी मिळाले नाहीत आणि १८५५ पर्यंत ते परतले. बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ चा आणि त्यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. त्याच वर्षी विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घालत होते. मरणोत्तर गतीविषयी मराठी माणूस तावातावाने भांडत होता, त्या काळात मॉर्मन स्वर्ग आपल्या दारावरून निघून गेला आणि कोणी त्याची फारशी दखल घेतली नाही. आता २०१८ मध्ये या पंथाने भारतातील आपले पहिले मंदिर बंगळूरुत बांधण्याची घोषणा केली आहे. या मंदिरांत जे विधी होतात त्यांतील मोठा भाग मृतांसाठी असतो. तेव्हा दखल घेण्याची वेळ आली आहे.

प्रथम या श्रद्धेची बाजू समजून घेऊ. तशी ती न घेता केलेली टीका फुकट जाते. जोसेफ स्मिथचा थोरला भाऊ अल्विन १८२३ मध्ये पंचविशीत वारला. तो कोणत्याही चर्चचा सदस्य नव्हता. अंत्यविधीच्या वेळी धर्मोपदेशकाने तो नरकात गेल्याचे सूचित केले, अशी आठवण त्यांच्या धाकट्या भावाने पुढे सांगितली आहे. घरातला कर्ता मुलगा गेलेला, आणि त्याच्या प्रेतासमोर हे ऐकावे लागणे! १८३६ मध्ये जोसेफला जो दृष्टान्त झाला, त्यात अल्विन सर्वोच्च स्वर्गात दिसला. पुढे १८४० मध्ये इलिनॉय राज्यातील नॉव्हू या गावी एका अनुयायाच्या अंत्यविधीत त्याने मृतांच्या बाप्तिस्म्याची शिकवण प्रथम जाहीरपणे मांडली. मृत व्यक्तीचे नाव घेऊन जिवंत माणसाने पाण्यात बुडी घ्यायची, म्हणजे त्या मृताला बाप्तिस्मा मिळतो. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात अशा प्रथेचा एक ओझरता उल्लेख आहे. त्याचा आधार या शिकवणीला दिला जातो.

या शिकवणीमागे क्रूर सिद्धान्ताला दिलेला एक माणुसकीचा नकार आहे, हे मान्य केलेच पाहिजे. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नावच कधी पडले नाही त्यांची गती काय, या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकातील अनेक मिशनऱ्यांकडे एकच कठोर उत्तर होते. त्या उत्तराची झळ मराठी घरांनाही लागली. धर्मांतर केलेला मुलगा आणि न केलेली आई, ख्रिस्ती झालेला नवरा आणि न झालेली बायको यांच्यामध्ये या जगातला पंक्तिभेद तर उभा राहिलाच. शिवाय पुढच्या जगातलीही ताटातूट पक्की झाली. मॉर्मन शिकवण सांगते, की ही ताटातूट कायमची नाही. मेल्यानंतरही आत्म्याला ऐकण्याची, विचार करण्याची, स्वीकारण्याची संधी असते. करुणेच्या अंगाने पाहता हा सिद्धान्त त्या काळच्या अनेक सिद्धान्तांपेक्षा उदार आहे.

त्यांच्या स्वर्गाची रचनाही ऐकण्यासारखी आहे. १८३२ च्या दृष्टान्तानुसार परलोकात तेजाच्या तीन पायऱ्या आहेत : सूर्यासारखी, चंद्रासारखी आणि ताऱ्यांसारखी. बहुतेक सगळ्यांना यांपैकी कुठेतरी जागा मिळते. कायमचा अंधार फार थोड्यांच्या वाट्याला येतो. सर्वांत वरच्या पायरीच्याही वरच्या टोकाला पोहोचण्यासाठी मात्र मंदिरात झालेला अनंतकाळचा विवाह लागतो, असे १८४३ च्या आदेशाने ठरले. तिथे कुटुंब कुटुंब म्हणूनच राहते आणि माणूस ईश्वरासारखा होत जातो. सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता या चार मुक्ती शिकवताना ज्यांची दमछाक झाली आहे, त्या मराठीच्या प्राध्यापकांना ही रचना परकी वाटू नये. मॉर्मन मुक्ती सरूपतेपाशी थांबते. ईश्वरात विरून जाणे तिला नको आहे, कारण विरून गेल्यावर घर उरत नाही.

आणि घर हाच या स्वर्गाचा पाया आहे. आमच्या पहिल्या शंकेचे मूळही तिथेच आहे. घर म्हटले की घरातली उतरंड आली. हयात असलेल्या मॉर्मन स्त्रीला अनंतकाळासाठी एकाच पुरुषाशी जोडले जाता येते. विधुर पुरुषाला मात्र पहिली पत्नी तशीच जोडलेली राहून दुसरीशीही जोडले जाता येते. पंथाने १८९० मध्ये बहुपत्नीकत्व थांबवल्याचे जाहीर केले, तरी अनंतकाळाच्या हिशोबात त्याची सावली राहिली. आम्ही हे नाक मुरडून म्हणत नाही. सात जन्म हाच पती मिळावा म्हणून वडाला दोरा गुंडाळणाऱ्या आपल्या समाजातही हे मागणे एकाच बाजूने मागायचे असते. स्वर्गाचे नकाशे पृथ्वीवरच्या घरातच काढले जातात, एवढाच याचा अर्थ.

आता वंशावळीकडे वळू. मृताला बाप्तिस्मा द्यायचा तर त्याचे नाव हवे, जन्ममृत्यूची नोंद हवी. म्हणून या पंथाने १८९४ मध्ये युटा राज्यात वंशावळींसाठी संस्था स्थापन केली आणि १९३८ पासून जगभरची दप्तरे सूक्ष्मपटावर घ्यायला आरंभ केला. सॉल्ट लेक सिटीजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात खोदलेल्या कोठारात या पटांचा साठा आहे. हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्याही या संस्थेने सूक्ष्मपटावर घेतल्या. नाशिक-त्र्यंबकेश्वरी गेलेल्या वाचकांना अशा वह्यांचा अनुभव असेल : तीर्थोपाध्याय गावाचे नाव आणि आडनाव विचारतात, चोपडी उघडतात आणि पणजोबा कोणत्या साली, कोणाबरोबर येऊन गेले ते वाचून दाखवतात. आपला पूर्वज स्वतः तिथे गेला, त्याने स्वतः नाव सांगितले, बहुधा आपल्या बापाचे पिंड ठेवण्यासाठी सांगितले. पितरांना गती मिळावी म्हणून उत्तरेत ठेवलेली वही पितरांना गती मिळावी म्हणूनच अमेरिकेतल्या डोंगरात जाऊन पोहोचली. हेतू इतका सारखा, आणि वाट इतकी निराळी!

एखाद्या नावाच्या अशा प्रवासात बिघडते कुठे, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यू समाजाने जगाला दाखवून दिले. नाझींच्या छळछावण्यांत मारल्या गेलेल्या लाखो ज्यूंची नावे मॉर्मन बाप्तिस्म्याच्या याद्यांत आढळली. ज्यू असल्याबद्दल ज्यांना ठार मारले, त्यांना मेल्यावर ज्यू राहू दिले नाही, असा या समाजाचा आक्षेप होता. १९९५ मध्ये करार झाला आणि ती नावे काढण्याचे मान्य झाले. तरीही प्रकरणे उघडकीस येत राहिली; २०१२ मध्ये पंथाला पुन्हा माफी मागावी लागली. त्याच वर्षी महात्मा गांधींच्या नावानेही असा बाप्तिस्मा झाल्याचे वृत्त आले. त्यापूर्वी २००८ मध्ये व्हॅटिकनने आपल्या धर्मप्रांतांना सूचना दिली होती, की चर्चची नोंदपुस्तके मॉर्मन वंशावळी संस्थेकडे देऊ नयेत. आज पंथाचा नियम असा आहे, की सदस्यांनी आपल्याच पूर्वजांची नावे द्यावीत, आणि जी व्यक्ती गेल्या ११० वर्षांत जन्मली असेल तिच्याबाबत जवळच्या नातलगाची परवानगी घ्यावी.

या आक्षेपाला मॉर्मन विचारवंतांचे उत्तर आहे आणि ते टाकाऊ नाही. ते म्हणतात, बाप्तिस्म्याने मृत व्यक्ती मॉर्मन होत नाही. तिच्यापुढे केवळ एक दार उघडले जाते. आत्म्याला इच्छास्वातंत्र्य आहे. त्याने आत यावे किंवा येऊ नये. म्हणजे सिद्धान्तात संमती आहे, नकारही आहे.

आमचा आक्षेप येथूनच सुरू होतो. नकार सिद्धान्तात आहे, पण तो ऐकू येण्याची व्यवस्था कुठेही नाही. पृथ्वीवरच्या नोंदवहीत ‘विधी झाला’ एवढेच लिहिले जाते. ‘मृताने नाकारले’ असा रकाना त्या वहीत नाही, असणारही नाही. विधी करणाऱ्याचे समाधान पूर्ण होते, ज्याच्यासाठी केला त्याचे उत्तर मात्र कायमचे अंधारात राहते. ज्या प्रश्नाचे उत्तर एकाच बाजूने लिहिता येते, त्याला प्रश्न म्हणायचे का? नातलगाची परवानगी हा उपाय व्यवहारात ठीक आहे, पण तीही जिवंतांचीच परवानगी. ११० वर्षांच्या नियमाचा अर्थ तर असा होतो, की माणूस पुरेसा जुना झाला की त्याच्यावतीने विचारायला कोणी लागत नाही.

इथे आपल्यातील कोणी म्हणेल, की बरे झाले, आपल्याकडे असले काही नाही. तसे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पिंडदान हा प्रतिनिधीने करायचाच विधी आहे. पिंडाला कावळा शिवला नाही तर मृताची इच्छा राहिली, असे आपण म्हणतो; म्हणजे निदान त्या एका क्षणी मृताला नकार देता येतो अशी कल्पना आपल्या विधीत आहे. पण मग आपण काय करतो? वाट पाहतो, इच्छा पूर्ण करण्याचे वचन देतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतो. नकार ऐकू आला तरी तो मिटवण्याची सोय आपण करून ठेवली आहे.

सोलापूरकरांसाठी याहून जवळचे उदाहरण सिद्धेश्वरांच्या यात्रेचे आहे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांशी विवाह करण्याची इच्छा एका कुंभारकन्येने धरली. योगी असल्याने त्यांनी नकार दिला आणि आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास अनुमती दिली, अशी कथा आहे. योगदंडाचे प्रतीक म्हणून मानाचे सात नंदीध्वज दर जानेवारीत मिरवले जातात. भोगीच्या दिवशी तळ्याकाठच्या संमती कट्ट्याजवळ हजारो लोक या विवाहावर अक्षता टाकतात आणि संक्रांतीला होम मैदानावर होमप्रदीपन होते, त्यात कुंभारकन्येच्या अग्निप्रवेशाचे स्मरण असते. हा सोहळा आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत आणि त्याविषयीचे आमचे प्रेम या लेखाने कमी होणार नाही. पण शब्दांवर जगणाऱ्या माणसांना एक गोष्ट टाळता येत नाही : अक्षतांपूर्वी तिथे जे वाचले जाते त्याला ‘संमती’ म्हणतात. कोणाची संमती? ज्याचा विवाह त्याने नकार दिला होता, आणि त्याचा नकार कथेने जपून ठेवला आहे. जिचा विवाह तिची इच्छा कथेत आहे, पण दंडाशी विवाह आणि त्यानंतरचा अग्नी यांबद्दल तिला काय वाटले ते कथा सांगत नाही. तिच्या वतीने गेली कित्येक शतके दुसरेच कोणी बोलत आहेत. मॉर्मन मंदिरातला प्रतिनिधीमार्फत होणारा विवाह आणि आमच्या गावातला हा विवाह यांत फार अंतर आहे, हे आम्ही जाणतो. एक श्रद्धेचा हिशोब मांडतो, दुसरा लोकस्मृतीचा उत्सव करतो. दोन्हींना विचारायचा प्रश्न मात्र तोच आहे.

परलोकातली जागा दुसऱ्यांनी ठरवली की काय होते, याची दोन उदाहरणे आम्हांला एकमेकांशेजारी ठेवावीशी वाटतात. पहिले जेन मॅनिंग जेम्स या कृष्णवर्णीय मॉर्मन स्त्रीचे. ती १८४३ मध्ये कित्येक शे मैल पायी चालत नॉव्हूला पोहोचली, जोसेफ स्मिथच्या घरी राहिली, १८४७ मध्ये युटात आली. मंदिरातले विधी आपल्यालाही मिळावेत आणि आपल्याला स्मिथ कुटुंबाची मुलगी म्हणून अनंतकाळासाठी जोडले जावे, अशी विनंती ती वर्षानुवर्षे करत राहिली. वर्णामुळे ती नाकारली गेली. १८९४ मध्ये पंथाच्या नेत्यांनी तोड काढली : तिला त्या कुटुंबाशी अनंतकाळासाठी नोकर म्हणून जोडले. ती हयात होती, तरी विधीत तिच्या जागी दुसरीच स्त्री उभी राहिली, कारण तिला मंदिरात प्रवेश नव्हता. तिने हे समाधान मानले नाही. १९०८ मध्ये मरेपर्यंत विनंत्या चालूच ठेवल्या. कृष्णवर्णीयांवरची ही बंदी उठायला १९७८ साल उजाडले.

दुसरे उदाहरण आमच्याच जिल्ह्यातले. चोखामेळा मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून वारले. हे साल १३३८ मानले जाते. नामदेवांनी त्यांची हाडे शोधून आणली आणि पंढरपुरास महाद्वारासमोर समाधी दिली, असे परंपरा सांगते. हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले म्हणून ती ओळखता आली, ही कथा मराठी मनाला हलवून गेलेली आहे. नामदेवांच्या प्रेमाविषयी शंका घेणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्या समाधीची जागा पाहा : देवळाच्या बाहेर, उंबरठ्याच्या अलीकडे. शेजारीच नामदेवांची पायरी आहे. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून नामदेवांनी ती जागा स्वतः मागून घेतली, अशी श्रद्धा आहे. एकाच दारात दोन भक्त. एकाने पायरी निवडली, दुसऱ्याला पायरीच्या पुढे जाण्याची मुभाच नव्हती. भक्त म्हणून चोखोबा देवाचे लाडके झाले, पण त्यांच्या जातीला त्या दारातून आत जायला १९४७ साल यावे लागले, तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर. युटातले नोकर म्हणून जोडणे आणि पंढरपुरातले दाराशी ठेवणे यांत आम्हांला एकच रीत दिसते : जिवंतपणी जी जागा दिली, तीच अनंतकाळापर्यंत वाढवायची आणि तिला कृपा म्हणायचे.

या दोघांमध्ये आणखी एक साम्य आहे आणि आमच्या दृष्टीने ते सर्वांत मोलाचे आहे. दोघांचाही शब्द उरला आहे. जेनच्या विनंत्या आणि तिने सांगून लिहवून घेतलेले आत्मवृत्त आज वाचायला मिळते. त्यामुळे नोकराची जागा तिला मान्य नव्हती हे आपल्याला कळते. चोखोबांचे अभंग उरले, सोयराबाईंचे उरले; त्यामुळे दाराबाहेरच्या त्या जागेविषयी त्यांना काय वाटत होते ते आपल्याला कळते. परलोकाच्या कोणत्याही व्यवस्थेत जो नकार ऐकू येत नाही, तो कागदावर ऐकू येतो.

नकाराचा आणखी एक प्रकार सांगितला पाहिजे, तो जिवंतपणीच, आधीच नोंदवून ठेवण्याचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ज्या परलोकात आपल्याला दाराशी उभे केले, त्या परलोकाचे विधीच नाकारायचे, असा तिचा अर्थ आम्ही लावतो. त्याआधी आठ शतके बसवण्णांच्या शरणांनीही मरणाचे सुतक नाकारले होते आणि कैलास रोजच्या कष्टांत शोधायला सांगितले होते. आमचे सिद्धराम तळी खोदत आणि अडुसष्ट लिंगे स्थापत होते, तेव्हा अल्लमप्रभूंनी येऊन त्यांना विचारले, की हे खोदणे-बांधणे ठीक, पण यातून तुम्ही काय मिळवू पाहता? पुण्य साठवून कैलास विकत घेण्याच्या कल्पनेलाच तो प्रश्न होता. आणि आपले वारकरी संत तर मोक्ष नको, पुन्हा जन्म द्या, संतसंग द्या, असे म्हणत आले. स्वर्गाला नकार देण्याची मराठी आणि कानडी परंपरा स्वर्ग मागण्याच्या परंपरेइतकीच जुनी आहे. विद्यार्थ्यांना ती शिकवताना आपण तिच्यातला नम्रपणा तेवढा सांगतो, त्यातला नकार सांगायचा राहून जातो.

हे सारे वर्गात का आणायचे, असे कोणी विचारील. आमच्या वर्गांत एकाच घरात दोन धर्म असलेली मुले-मुली असतात. आजी पंढरीची माळकरी, वडील दर रविवारी प्रार्थनेला जाणारे; किंवा आजोबांचे श्राद्ध घालायचे की बुद्धवंदना घ्यायची यावरून भावाभावांत अबोला. ‘माझी आजी कुठे गेली असेल?’ हा प्रश्न अशा घरातल्या मुलीसाठी तात्त्विक नसतो. तिला उत्तर देण्याचा अधिकार आम्हांला नाही. तिच्या हाती ‘स्मृतिचित्रे’ मात्र देता येतात. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. लक्ष्मीबाई त्यांच्यामागोमाग गेल्या नाहीत. त्या वेगळ्या राहिल्या, काही काळ तर पंढरपुरातच. रडल्या, भांडल्या, जातिभेदाचा स्वतःच्या बुद्धीने विचार करत गेल्या, आणि सुमारे पाच वर्षांनी स्वतःच्या पायांनी त्या धर्मात आल्या. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यात त्यांचा बाप्तिस्मा आपोआप झाला नाही. तो त्यांच्या वतीने कोणी घेतला असता, तर मराठीतले एक थोर आत्मचरित्र आपल्याला या रूपात मिळाले नसते. त्या पुस्तकातली माणसे कोणत्या स्वर्गात गेली हे आम्हांला ठाऊक नाही. पण त्यांनी काय स्वीकारले, काय नाकारले आणि किती दिवस टाळले, ते पानापानांवर आहे.

आता आमच्या व्यवसायाकडे. मृतांचा बाप्तिस्मा फक्त मंदिरांतच होतो असे आम्हांला वाटत नाही. तो मराठी समीक्षेतही सर्रास होत आला आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये मराठ्यांच्या उदयाविषयीच्या इंग्रजी ग्रंथात संतांच्या चळवळीची तुलना युरोपातील प्रॉटेस्टंट सुधारणेशी केली आणि तेव्हापासून संत सुधारक झाले. राजवाड्यांनी त्याच संतांना राष्ट्राच्या दुर्बलतेचे कारण ठरवले. रेव्हरंड टिळकांना तुकाराम हा ख्रिस्ताकडे नेणारा पूल वाटला. पुढे कोणाला ते वर्गलढ्याचे कवी वाटले, कोणाला धर्मरक्षक, कोणाला अस्तित्ववादी. यांतील प्रत्येक वाचनाने आपल्याला काही तरी दिले, हे खरे. पण जेव्हा जेव्हा कवीच्या नावापुढे पंथाचे नाव लावून विधी उरकला गेला आणि त्या पंथाला न मानवणारे अभंग प्रक्षिप्त म्हणून बाजूला टाकले गेले, तेव्हा तेव्हा आपणही नकाराचा रकाना नसलेली नोंदवहीच लिहिली. अभ्यासक्रमातील प्रश्नही तसेच असतात : ‘तुकारामांची सामाजिक जाणीव स्पष्ट करा.’ विद्यार्थी ती स्पष्ट करतो, दहा गुण मिळवतो. ज्या अभंगात ती जाणीव नाही, किंवा तिच्या उलट काही आहे, तो अभंग त्याच्या उत्तरात येतच नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की मॉर्मन श्रद्धेला आपण जो प्रश्न विचारतो तो आपल्या पिंडाला, आपल्या यात्रेला आणि आपल्या उत्तरपत्रिकेलाही विचारावा. मॉर्मन पंथाला तो विचारताना त्याच्या उगमाशी असलेले एका भावाचे दुःख विसरू नये. आणि ते दुःख खरे होते म्हणून दुसऱ्याच्या मृतावर हक्क मिळतो, असेही मानू नये. आपल्या मृतांची आठवण ठेवावी, त्यांच्यासाठी दिवा लावावा, हवे तर त्यांच्या गतीसाठी प्रार्थना करावी. पण त्यांच्या नावाने सही करण्यापूर्वी त्यांनी स्वतः काही लिहून वा सांगून ठेवले आहे का, ते आधी पाहावे. शिक्षकांपुरते सांगायचे तर येत्या सत्रात कोणताही संतकवी शिकवताना, आपल्या मांडणीत न बसणारे त्याचे दोन अभंग मुद्दाम फळ्यावर लिहावेत आणि विद्यार्थ्यांना विचारावे, की हे कशाला नकार देत आहेत? सिद्धरामांच्या त्या कुंभारकन्येचा एकही शब्द आपल्यापाशी नाही. ज्यांचे शब्द आहेत, त्यांच्याबाबत तरी ही सबब आपल्याला सांगता येणार नाही.